कौशल्याबाईंचा अळणी स्वयंपाक

हल्ली आमच्या चऱ्होलीत घरोघरी रक्तदाब मोजायचं यंत्र झालंय. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा हजर. मग तो आकडा घेऊन नातसून माझ्याकडे येते आणि विचारते, "आजोबा, एवढा कशानं वाढला असेल?" मी तीस वर्षं कंपनीच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, म्हणून मला सगळं कळतं अशी तिची समजूत आहे. मी म्हणतो, "टेन्शन घेतेस." ती खूश होते. टेन्शन म्हटलं की सगळ्यांनाच बरं वाटतं, कारण त्यात सासूला ओढता येतं. पाठीमागं दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात, कधीतरी त्यांचीही चौकशी करा, असं मी मनात म्हणतो. तोंडावर म्हणत नाही. कारण तिथून गोष्ट ज्योतीरामवर जाते, आणि ज्योतीराम आठवला की माझा अख्खा दिवस जातो.

आज जाऊ द्या.

सत्तावन्न साल. पिंपरी आणि चिंचवडच्या मधल्या माळावर आमची कंपनी नुकती उभी राहिली होती. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करायची. तीन शेड, एक चिमणी, एक भोंगा, आणि सभोवार ज्वारी. भोंगा झाला की शेजारच्या शेतातले बैल आपोआप थांबायचे, कारण मालक त्याच भोंग्यावर जेवायला सोडायचा. मी चऱ्होलीहून दिघीचा माळ तुडवत सायकलनं यायचो. वाटेत ससे आडवे जायचे. आज त्या रस्त्यानं जाताना मला माझा स्वतःचा हात दिसत नाही इतकी गर्दी असते, आणि लोक त्याला सुधारणा म्हणतात. असो.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पुण्याहून डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. उरलेले दिवस मीच डॉक्टर होतो, निदान माझ्या मते.

ज्योतीराम लेथवर होता. माण तालुक्यातला, चोवीस-पंचवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा गडी. बाप लहानपणीच गेलेला. आई कौशल्याबाई आणि तो, दोघंच चिंचवड गावात नदीच्या बाजूला एका खोलीत राहायचे. सकाळी उठलं की डोकं ठणकतं, अशी त्याची तक्रार. त्याचा फोरमन हिंदुराव म्हणाला, "तापट आहे हो. तापट माणसाचं डोकं दुखणारच." मलाही ते पटलं, आणि मी दोन आठवडे त्याला डोकेदुखीच्या पुड्या देत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "दत्तोबा, आता मापाच्या रेघाबी पुसट दिसाय लागल्यात." तेव्हा कुठं मी त्याला डॉक्टरांसमोर बसवला.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा वर चढवला, खाली सोडला. पुन्हा चढवला. मग मला बसवून माझा मोजला. माझा ठीक निघाला, म्हणजे यंत्र ठीक होतं. ज्योतीरामचा होता दोनशे दहा आणि एकशे तीस.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांखालची सूज बोटानं दाबून बघितली आणि विचारलं, "लहानपणी कधी तोंड सुजलं होतं?"

"व्हय," ज्योतीराम म्हणाला. "बारा वर्साचा आसंन. आधी अंगभर खरूज झाली, मंग तोंड असं सुजलं की आईनंबी वळखलं न्हाई. लघवी चहावानी व्हायची. महिन्यानं ग्येलं सगळं."

"गेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आत जाऊन बसलं."

त्याची लघवी काचनळीत घेऊन मी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. वरचा भाग उकळल्यावर अंड्यातलं पांढरं शिजावं तसा घट्ट पांढरा झाला. असं मी पुस्तकात वाचलं होतं, बघितलं पहिल्यांदाच. पुण्याहून रक्ताचा रिपोर्ट आला तोही तेच सांगत होता. मूत्रपिंडं बिघडली होती, आणि रक्तदाब तिथून चढत होता.

डॉक्टरांनी त्याला समजावलं ते मला अजून पाठ आहे. म्हणाले, "पाटाच्या शेवटाला ज्याचं शेत असतं, त्याच्यापर्यंत पाणी नीट पोचलं नाही की तो काय करतो? वर निरोप धाडतो, पाणी वाढवा. तुझी मूत्रपिंडं तेच करतायत. त्यांना वाटतं रक्त कमी येतंय, म्हणून जोर वाढवा म्हणून निरोप धाडतात. जोर वाढतो, आणि त्या जोरानं त्यांचंच आणखी नुकसान होतं. मीठ खाल्लंस की हे सगळं दुपटीनं."

उपाय तेव्हा थोडेच होते. सर्पगंधाच्या गोळ्या निघाल्या होत्या, त्या दिल्या. आणि मीठ बंद. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन महिन्यांत उतरला नाही तर डोळे जातील, नाहीतर डोक्यात रक्तवाहिनी फुटेल. गोळीवर फार विसंबू नका. खरं औषध याच्या घरातल्या चुलीवर आहे."

म्हणून दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईंना बोलावून घेतलं. काटक बाई, डोक्यावरचा पदर दातात धरून उभ्या. मी माझ्या त्या वेळच्या रुबाबात त्यांना बजावलं, भाजीत मीठ नाही, भाकरीत नाही, वरून घ्यायचं नाही, लोणचं नाही, पापड नाही, खारं काहीही नाही. त्यांनी एकेक बोट मोडत सगळं परत म्हणून दाखवलं.

"मावशी, जमेल ना?"

"न जमाय काय झालं? मला सवय हाय," त्या म्हणाल्या, आणि मी निर्धास्त झालो.

पहिल्या आठवड्यात दोनशे चार. मी म्हटलं, उतरतोय. दुसऱ्या आठवड्यात दोनशे सहा. तिसऱ्यात पुन्हा दोनशे चार. पाचव्या आठवड्यात डोकं आणखी ठणकायला लागलं आणि त्यानं लेथवर एक अख्खा नग वाया घालवला. डॉक्टर म्हणाले, "हा कुठंतरी मीठ खातोय."

आता माझा स्वभाव सांगतो. रोगी बरा झाला नाही की मला रोगाचा राग येत नाही, रोग्याचा येतो. तेव्हा तर फारच यायचा. मी कॅन्टीनचा आचारी भिमाजी याला पाळतीवर ठेवला. तो म्हणाला, "आपल्या हातचं तो पानीबी पीत न्हाई." मी म्हटलं, मग सोबत्यांच्या डब्यातलं लोणचं चाटत असणार. एका दुपारी कॅन्टीनमध्ये गेलो. ज्योतीराम चौघांत बसून आपला डबा खात होता. बाकावर कुणाचीतरी लोणच्याची बरणी उघडी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सगळ्या कंपनीला वेड्यात काढतोस का?" मी ओरडलो. "तुला जिभेवर ताबा नसेल तर तसं सांग. मरायचंच असेल तर गावी जाऊन मर, आमची औषधं कशाला नासतोस?"

साठ-सत्तर माणसं जेवत होती. सगळी थांबली. ज्योतीरामनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "म्या मीठ खाल्लं न्हाई." बस्स, एवढंच. आणि उठून गेला. पुढच्या शुक्रवारी तो दवाखान्यात आला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही.

डॉक्टर माझ्यावर चिडले. "चोर पकडायला ठेवलंय का तुम्हाला? त्याला घेऊन या," म्हणाले. सुट्टीच्या दिवशी मी चिंचवड गावात त्याच्या खोलीवर गेलो. मनात अजून गुर्मी होतीच. घरी अचानक गाठलं की चोरी सापडेल, असा माझा हिशेब.

दारात कौशल्याबाईच होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही, हे आधी सांगतो. "या," म्हणाल्या. "जेवायची येळ हाय. बसा."

"आज माझी एकादशी आहे, मावशी."

"माजीबी हाय. मंग तर बसाच. वऱ्याचं तांदूळ हायती आन् दाण्याची आमटी. तिघांचं एकाच भांड्यातलं. ज्योतीरामाची तर आता रोजच एकादशी."

ज्योतीराम भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडं बघून त्यानं पाय आखडून घेतले. ताटं आली. मला भूक लागली होती, दहा मैल सायकल मारली होती. आमटी फार चवदार होती. आमच्या घरी तीन पिढ्या एकादशी करतात, पण अशी आमटी मी कुठं खाल्ली नव्हती. मी मागून घेतली. तीही अर्धी संपवली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी स्वतःला हुशार समजायचो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

मग ज्योतीरामनं वाटी पुढं केली आणि कौशल्याबाईंनी त्याच भांड्यातली पळीभर आमटी त्याच्या वाटीत ओतली.

माझा घास तोंडातच राहिला.

"मावशी, यात काय घातलंय?"

"काय म्हंजी? दाणं, मिरची, जिरं..."

"खारट कशानं आहे?"

"सैंदव हाय की. पिंपरी क्यांपातनं सिंध्याच्या दुकानातनं आणते. म्हाग पडतंय, पर आणते." चुलीशेजारी खलबत्ता होता आणि त्याच्याजवळ वाटीत फिकट गुलाबी खडे. "तुमी मीठ बंद केलं त्या दिसापास्नं घरात मिठाचा कण न्हाई आणला. सगळं सैंदवात करते. उपासाला चालतंय ते ह्येला न चालाय काय?"

त्यांच्या "सवय हाय"चा अर्थ मला तेव्हा कळला. आणि गंमत बघा, मी त्यांना हसू शकत नव्हतो. कुणी मला विचारलं असतं, एकादशीला मीठ खातोस का, तर मी कानावर हात ठेवून नाही म्हणालो असतो, आणि अगदी मनापासून. महिन्यातून दोनदा सैंधवाचं जेवत होतो, दवाखान्याच्या फळीवर मिठाची बाटली होती, तिच्यावर मी माझ्या हातानं 'सोडियम क्लोराइड' अशी चिठ्ठी चिकटवली होती. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या. मिठाचे सतरा प्रकार मी बाईंना मोजून दाखवले, आणि हे एक नाव माझ्या तोंडात आलं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "सैंधव हे मीठच आहे. देवाला चालत असेल, मूत्रपिंडाला चालत नाही."

त्यांनी पळी खाली ठेवली. "म्हंजी दोन म्हैनं मीच त्येला घालत हुते?"

"नाही. सांगायला मी चुकलो. मी सैंधवाचं नाव घ्यायला पाहिजे होतं."

त्यांनी सैंधवाची वाटी उचलली, मोरीत उपडी केली, वर दोन तांबे पाणी ओतलं. मग मागं वळून ज्योतीरामच्या हातातली आमटीही काढून घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. "सावकाश खलत हुते," त्या म्हणाल्या. "त्येला कचकच लागू नये म्हून."

ज्योतीराम म्हणाला, "आये, मलाबी तसंच वाटलं. आपुन दोघंबी येकाच गावचं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी माफी मागायला तोंड उघडताय, ते हितं नगा मागू. कॅन्टीनमधी बोलला, कॅन्टीनमधी सांगा."

सांगितलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाकावर उभा राहून सांगितलं, की ज्योतीरामनं मीठ चोरलं नाही, अक्कल माझी कमी पडली. माणसं हसली. भिमाजी सगळ्यात जास्त हसला. माझे कान लाल झाले, पण ज्योतीराम त्या शुक्रवारी दवाखान्यात येऊन स्टुलावर बसला.

पुढं सांगायला मला आवडतं. तीन आठवड्यांत एकशे ऐंशी. दीड महिन्यात एकशे साठ. डोकेदुखी गेली, मापाच्या रेघा दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "बिघडलंय ते परत येणार नाही. पण आता ओझं कमी झालं. जगेल." किती, ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडं जेवायला जायला लागलो. आधी तपासणी म्हणून, मग सवय म्हणून, मग दुसरीकडं कुठं जावंसंच वाटेना म्हणून. कौशल्याबाईंनी स्वतःही मीठ सोडलं होतं, त्यामुळं त्या घरात मीठ मागायची कुणाची छाती नव्हती. पहिल्या दिवशी भाजी मला भिजलेल्या कागदासारखी लागली. पण ती बाई हार मानणारी नव्हती. चिंच, कोकम, लिंबू, भाजलेला लसूण, जवस, तीळ, कच्ची कैरी, चुलीत भाजलेली मिरची, असं काय काय करून बघायची आणि आम्हा दोघांच्या तोंडाकडं परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी बघत बसायची. वर्षभरात माझी जीभ अशी तयार झाली की नव्या ज्वारीची भाकरी गोड असते हे मला पहिल्यांदा कळलं. चऱ्होलीला जन्म घेऊन, ज्वारीत वाढून, हे मला चिंचवडला कळलं. ज्योतीराम म्हणायचा, "दत्तूभाऊ, तुमची जीभ आता टेम्पररी न्हाई, परमनंट झाली."

जेवण झालं की आम्ही दोघं नवे कारखाने बघायला चालत निघायचो. त्याला त्याचं वेड होतं. कुठं पाया खणलाय, कुठं लोखंडी खांब उभे राहिलेत, कुठली यंत्रं कुठून आलीत, त्याला सगळं माहीत असायचं. मला त्यात फक्त ज्वारी कमी झालेली दिसायची. आमचं भांडण व्हायचं. तो म्हणायचा, "माणमधी ज्वारी बघत बसलो असतो तर उपाशी म्येलो असतो." त्याचं बरोबर होतं. पण माझंही चूक नव्हतं, हे त्याला पटवायचं राहून गेलं.

अशी सहा वर्षं गेली. माझं लग्न, पहिली मुलगी, सगळं त्याच वर्षांतलं, तरी त्या दिवसांचं नाव काढलं की मला आधी ती नदीकाठची खोलीच आठवते. ज्योतीरामनं लग्न केलं नाही. "दुसऱ्याच्या पोरीला अळणी कशाला खायला घालू," म्हणायचा.

त्रेसष्ट साली पावसाळ्यानंतर त्याच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर. मळमळ सुरू झाली. पुण्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होता. आज मूत्रपिंडं थांबली तर यंत्रावर रक्त साफ करतात, आमच्या गल्लीतले दोघं आठवड्यातून दोनदा जाऊन येतात. तेव्हा इथं त्यातलं काहीच नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी तो गेला. तिशी नुकती ओलांडली होती त्यानं. माझ्या आयुष्यात मी एवढा कधी रडलो नाही, बाप गेला तेव्हाही नाही.

दीड महिन्यानं कौशल्याबाई दवाखान्यात आल्या. मंगळवार होता. डॉक्टर आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं. बाई बाहेर माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. भाऊ न्यायला आला होता, दुपारच्या एसटीनं त्या गावी निघाल्या होत्या.

"दत्तोबा," त्या म्हणाल्या, "तुला एक इचारायचं हाय. खरं सांग. त्या दोन म्हैन्यांच्या सैंदवानं त्येची किती वर्सं खाल्ली?"

"एकही नाही, मावशी."

"शपत घे."

मी त्यांच्या पायावर हात ठेवला आणि शपथ घेतली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उठल्या आणि एसटी गाठायला निघून गेल्या. पुन्हा आमची भेट झाली नाही.

खरं काय ते मला माहीत नव्हतं. कदाचित एक वर्ष असेल, कदाचित चार. कदाचित खरंच एकही नसेल. दाराच्या पलीकडं बसलेल्या माणसाला ते नक्की सांगता आलं असतं. डॉक्टर त्यानंतर अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत राहिले. मी त्यांना कधीच विचारलं नाही.